तुझ्या पुष्पवृष्टीचं हेलिकॉप्टर

लोणावळा, मंगळवार

प्रिय स्वराज,

कार्ल्याच्या फाट्यावरचा तुझा नवा फ्लेक्स काल बसमधून पाहिला. ‘बहिणीचे प्राण वाचवणारा वाघ’. शेजारच्या मावशी मला म्हणाल्या, “लय धाडसी पोरगं, न्हाई का?” मी मान हलवली, ती बहीण मीच हे काही सांगितलं नाही. फोटोत तू पोहतोयस. तुला गुडघाभर पाण्यात उभं राहता येत नाही, हे आपल्या घरच्या मांजरालाही माहीत आहे.

या वाघाने त्या दिवशी काय काय केलं, ते एकदा लिहूनच ठेवते. पंचायत समितीचं तिकीट मिळवायचं, म्हणून शिरगावच्या पालखीवर आकाशातून फुलं उधळायला तू हेलिकॉप्टर भाड्याने घेतलंस. पायलट म्हणून मलाच मागितलंस, कारण ‘आमची ताई उडवते’ हे भाषणात बरं दिसतं. बारा वर्षांपूर्वी मी हेच शिकायला निघाले, तेव्हा पोरीच्या जातीला कशाला ही थेरं, म्हणून आबांचे कान भरणारा तूच होतास. शिरगाव एकीकडे आणि वलवणचं धरण दुसरीकडे, तरी आधी धरणावरून एक फेरी मार, सासुरवाडीला दिसू दे, हा हट्टही तुझाच. मी मूर्खासारखी फेरी मारली.

धरणाच्या मधोमध इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. दुसरं इंजिन नव्हतं. लोकांना वाटतं, अशा वेळी हेलिकॉप्टर दगडासारखं पडतं. तसं नसतं. उतरताना खालून येणाऱ्या वाऱ्यावर पंखा फिरता ठेवायचा, आणि पाणी जवळ आलं की नाक उचलून त्या फिरण्यातला जोर एकदाच वापरायचा. तो एकदाच मिळतो. काठ गाठता येणार नाही हे मला कळलं होतं. मी ओरडून सांगितलं, दार उघड, पट्टा सोडू नकोस, जॅकेट बाहेर पडल्यावरच फुगव. तू तिन्ही गोष्टी उलट्या केल्यास. पाणी आत शिरलं तेव्हा फुगलेल्या जॅकेटने तुला छतालाच चिकटवून ठेवलं. मी पायाला धरून तुला दाराबाहेर ओढलं. तोवर अंबाजी मासे धरायची होडी घेऊन आला होता. तू त्याच्या गळ्याला अशी मिठी मारलीस की तो म्हणाला, “दादा, मान सोडा, न्हाई तर दोगं बी जाऊ तळाला.” फ्लेक्सवर त्या अंबाजीचं नावसुद्धा नाही.

इथवर मला तुझी नुसती कीव येत होती. पण परवा तू चौकशीच्या साहेबांना सांगितलंस, ताई घाबरली, तिच्या हातून सुटलं. बाईमाणूस आहे, समजून घ्या, असंही वर म्हणालास. आई माझ्याकडे रडत आली, भाऊ आहे, पोटात घाल म्हणाली. तुझ्या जन्मापासून हे घर तुझं सगळं माझ्याच पोटात घालत आलंय. आता जागा नाही.

आपल्याकडे नवा ट्रॅक्टर असो की पिठाची गिरण, हार घातल्याशिवाय कुणी चालू करत नाही. तू हेलिकॉप्टरपुढे नारळ फोडलास आणि वर चढून इंजिन जिथून हवा ओढतं त्या तोंडाशीच झेंडूचा हार खोचलास. मी काढ म्हटलं. “काढला गं ताई,” म्हणालास. तुझ्याच कार्यकर्त्याच्या व्हिडिओत आपण उडालो तेव्हा तो तिथेच लोंबताना दिसतोय. फोटो ओका दिसला असता, हे कारण तू आईला सांगितलंस. काल यंत्र पाण्यातून वर काढलं, तर आत हाराच्या नायलॉनच्या दोऱ्याचा गुंता निघाला.

आज सकाळी मी माझा जबाब दिला, व्हिडिओही दिला. तुझ्या खोटेपणाला त्यात दोनच ओळी आहेत. बाकीचं सगळं पान माझ्याबद्दल आहे. उडण्याआधी वर चढून ते तोंड स्वतः बघणं हे पायलटचं काम. दुसऱ्या कुणी काढला म्हटलं असतं तर मी चढून बघितलं असतं. तुझं बोलणं कवडीच्या मोलाचं, हे मला लहानपणापासून ठाऊक, तरी तू ताई म्हणालास आणि मी खालीच उभी राहिले. तुझं तिकीट जाईल. माझा परवाना बहुधा त्याच्याही आधी जाईल. हे तुला पेपरात वाचायला लागू नये, म्हणून लिहिलं. तुला घाबरवायला नाही आणि तुझी माफी मागायला तर मुळीच नाही.

तुझीच, कारण दुसरा भाऊ नाही,
सारिकाताई