दोनशे बारा स्वच्छ बाटल्या

मंगळवार, ४ मार्च. सकाळचे ६.१०. लॉन्ड्री उघडायला पन्नास मिनिटं आहेत. इस्त्री तापत ठेवून लिहितो आहे.

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

काल सुखरूप पोचलो. एव्हाना मोरीत डोकावून तुला कळलंच असेल. रविवारी तू चष्मेवाल्याकडे गेलीस तेव्हा तुझ्या रिकाम्या बाटल्या, मोजून दोनशे बारा, मी सोड्याच्या गरम पाण्यात भिजवल्या, घासल्या आणि एकूणएक लेबल खरवडून काढलं. चार तास लागले. लेबलांचा लगदा बाहेर टाकून आलो. आता रिकामी बाटली घेऊन अनामत परत देणाऱ्या यंत्रापुढे कुणी नाक मुरडणार नाही.

दर बाटलीची अनामत पाच रुपये, म्हणजे एक हजार साठ. चष्म्याचे एक हजार देऊन साठ उरतील. मग बागेतल्या आणि मैदानातल्या कचऱ्याच्या डब्यांत हात घालणं तेवढं सोड. दुकानात कुणी विचारलं तर आत्या शिवणकाम करते, असं मी सांगतो.

लोभ आहे तो असाच राहू दे.
तुझा भाचा

शनिवार, ८ मार्च

चि. स्वच्छता-इन्स्पेक्टरास,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

बाटल्या अशा लखलखत होत्या की पाहुण्यांना त्यांतून पाणी द्यावं. यंत्रानं पहिली आत ओढली आणि बाहेर ढकलली. दुसरीचंही तेच. विसाव्या बाटलीला रांगेतले एक मफलरवाले पुढे आले. स्टेशनाकडच्या बाटल्या ते गोळा करतात. त्यांनी सांगितलं, की या यंत्राला बाटली कळत नाही, लेबलावरच्या रेघा कळतात. आणि विचारलं, की एवढी आंघोळ घातली कुणी?

तिथे मी हसले. घरी येऊन नाही हसले. चष्मेवाला महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणालाय, पुढे भाव वाढणार आहे. परवा डब्यातली फुटकी काच दिसली नाही, बोट कापलं. फार नाही, तू लगेच घाबरू नकोस.

आणि शिवणकाम कधी केलं रे मी? साधं बटण तुटलं तरी तुझ्याकडे आणते.

रागावले आहे, पण लोभात काटछाट नाही.
आत्या

बुधवार, १२ मार्च. दुपारचे १.२०. जेवणाचा डबा उघडून तसाच ठेवला आहे.

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

हे तिसऱ्यांदा लिहितो आहे, आधीच्या दोन कागदांवर खाडाखोड झाली. विचारून केलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. मी विचारत नाही, नुसतं घासत बसतो. एक हजार साठची मनीऑर्डर केली आहे. उद्याच चष्मा आण. बोटाला काय लावलंस ते कळव.

पूर्वीसारखा लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.
तुझा भाचा

सोमवार, १७ मार्च

चि. इन्स्पेक्टरास,
अनेक आशीर्वाद.

मनीऑर्डर परत पाठवली. बाटल्या बुडवल्यास, बाटल्याच दे. दोनशे बारा, स्वतःच्या हातानं डब्यातून काढलेल्या, लेबलासकट. रविवारी मैदानावर सामना आहे, गर्दी असेल.

लाज वाटत असेल तर येऊ नकोस. मी काही म्हणणार नाही. मात्र पुढची पत्रं त्या शिवणकाम करणाऱ्या आत्यालाच लिहीत जा.

बोटाला हळद.
आत्या

सोमवार, २४ मार्च. सकाळचे ६.०५. दुकानाच्या पायरीवर बसलो आहे, मालक अजून यायचे आहेत.

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

काल पहिल्या डब्यापाशी मी दहा मिनिटं नुसता उभा होतो, ते तू पाहिलंस. त्याच वेळी सामना पाहायला आलेले आमचे एक गिऱ्हाईक समोर आले, दर आठवड्याला सहा पांढरे सदरे टाकणारे. इथे काय करतोस, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, की ही माझी सख्खी आत्या, मैदानावरच्या बाटल्या गोळा करते आणि मी तिचं देणं फेडतो आहे. माझे कान तापले होते. त्यांनी हातातलं पेय एका दमात संपवलं आणि बाटली माझ्यापुढे धरली. ती हिशेबात धरायची नाही, डब्यातली नाही, असं तू लगेच बजावलंस. ते हसले तशी माझी भीड चेपली, आणि कोपरापर्यंत हात गेला.

तुझ्या आठवड्याभराच्या आणि माझ्या बाटल्यांचे मिळून हजार रुपये भरले, तसा चष्मा आणला. चष्मा लावल्यावर तू पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, की लॉन्ड्रीवाल्याच्याच कॉलरवर डाग. तो डाग मी अजून धुतलेला नाही.

तुझ्या लोभात माझी जागा धरून ठेव.
तुझा भाचा

ता. क. खर्च : बसभाडं चाळीस. जाड हातमोजे, दोन जोड, साठ.
देणं : बाटल्या २१२. काल फेडल्या ९६. बाकी ११६. एका रविवारी दहाच्या वर फेडायच्या नाहीत, असं ठरवलं आहे. म्हणजे अजून बारा रविवार यावं लागेल.