टेपचं टोक

९ मे
बेडरूमच्या भिंतीतून तीन जाड वायरी लोंबतायत. लाल, काळी, हिरवी, टोकांना काळी टेप. कुठेही बसले तरी नजर तिकडेच जाते.
समोरच्या नायर भाभींची पोस्टिंग निघाली, त्यांचा एसी आम्ही घेतला. कँटोन्मेंटमध्ये असंच, एकाचं बिऱ्हाड हललं की दुसऱ्याचं भरतं. क्वार्टरची जुनी वायर एसीला झेपणार नाही म्हणून ह्यांनी सुट्टीच्या शेवटच्या दिवशी बोर्डापासून नवी ओढली. फौजेत लाइनमन. वायर हातात आली की जेवण विसरतात. पण सॉकेटची भोकं बारीक, वायर जाड, आणि गाडीची वेळ झालेली. बोर्डाकडून वायर सोडवून ठेवली. "करंट नाही, घाबरू नको. पुढच्या सुट्टीत जोडतो."
पुढची सुट्टी म्हणजे ती तारीख. लिहायची नाही. बोलली की रद्द होते, इथल्या सगळ्या बायका हेच सांगतात.

१२ मे
इस्त्री बंद पडली. तिच्या वायरीवर ह्यांचीच टेप, इतकी घट्ट दाबलेली की नखाने सुटेना. मागे एकदा सांगत होते, "मीच उघडणार असेन तर टोक दाबून टाकतो. दुसऱ्याने उघडायचं असेल तर टोक दुमडून ठेवायचं. त्या बिचाऱ्याला हातमोज्यातून धरता आलं पाहिजे."
लेकीचा, सईचा, शाळेचा युनिफॉर्म घडी करून गादीखाली ठेवला.

१५ मे
ऊन नाही, भट्टी. कूलर नुसती गरम वाफ सोडतो. सईच्या पाठीवर घामोळं. "आई, पापाला बोल ना, एसी लगवा दे यार." आईशी 'यार'. तिच्या आजीने ऐकलं तर.
ह्यांचा फोन आला. "वायरी ठीक आहेत ना?"
म्हटलं, मी पण ठीक आहे.
हसले. ते हसू दिवसभर पुरवून वापरलं.

१८ मे
वरच्या मजल्यावरच्या साताऱ्याच्या वहिनी ओरडल्या. "इलेक्ट्रिशियन बोलव की गं. लेकराला कशाला उकडवतेस?"
बरोबर आहे त्यांचं. पण त्यांना काय सांगू. अर्धं काम टाकून हा माणूस आजवर राहिलेला नाही. भिंतीत काम शिल्लक आहे तोवर ते येणार, असं मी मनाशी धरलंय. वेडेपणा आहे. असू दे.

२१ मे
ती तारीख गेली. पुढे ढकलली म्हणे, कधीपर्यंत ते माहीत नाही. सईने शाळेत मैत्रिणीला सांगितलं होतं. तिला काही बोलले नाही. कणीक मळताना रडून घेतलं.
दुपारी सईचा घोळणा फुटला. ओढणी रक्ताने भरली. बस झालं. माझा हट्ट तिने का सोसायचा.

२२ मे
मार्केटमधला इलेक्ट्रिशियन आला. वायर बघून म्हणाला, "दीदी, मोटी है. आधे तार काट देता हूँ, बैठ जाएगी."
पक्कड लावणार, तेवढ्यात मी हात आडवा केला. का ते मला सांगता येईना. फक्त हे असते तर चिडले असते एवढं कळत होतं. "सब ऐसे ही करते हैं," म्हणत गेला. सई रुसली, बोलत नाही.

२४ मे
फोन लागला. सगळं सांगितलं. एकदम खूश.
"शाबास. अगं, अर्ध्या तारा कापल्या तर त्या जागी वायर बारीकच झाली ना? तिथंच तापणार, तिथंच जळणार. सॉकेट बदल. एसीचं येतं, मोठ्या भोकांचं. सगळ्या तारा पिळून पूर्ण आत, स्क्रू घट्ट, मग ओढून बघ. मेन बंद ठेवायचा. हिरवी, अर्थिंगची, विसरू देऊ नको, आणि बोर्डाकडे..."
लाइन गेली. वायरीबद्दल बोलत होते, पण किती दिवसांनी एवढं बोलले. कान गरम झाला तरी फोन तसाच धरून बसले.
'मी आल्यावर करतो' असं मात्र म्हणाले नाहीत.

२६ मे
मोठं सॉकेट आणलं. त्याच इलेक्ट्रिशियनला बोलावलं. मेन बंद केला, टेस्टर लावून खात्री केली. टेप मीच काढते म्हटलं. ती ह्यांनी गुंडाळलेली, दुसऱ्याचा हात नको.
नख लावायची गरजच पडली नाही. टोक दुमडलेलं होतं. लालचं, काळीचं, हिरवीचंही. नीट, चिमटीत धरता येईल एवढं.
म्हणजे ह्यांना माहीत होतं. गाडीची वेळ झालेली, बूट घालायचे होते, आणि तरी...
"क्या हुआ दीदी?" म्हटलं, काही नाही, तुम करो.
वायर पूर्ण आत बसली. ओढून बघितली. बोर्डाकडचं टोकही जोडून घेतलं.

२७ मे
एसी छान चालतो. सई पांघरूण घेऊन झोपली, मे महिन्यात.
फोनवर ह्यांनी लगेच ओळखलं. "चालू झाला वाटतं."
"हो. टेपचं टोक दुमडलेलं होतं."
म्हणाले, "सवय असते गं."
"इस्त्रीला नव्हती ती सवय."
मग ह्यांनी विचारलं, "सई जेवली का?"
मला फार वाटलं, म्हणावं, या ना. म्हटलं, जेवली.

३० मे
गिझरचा प्लग काळा पडलाय, आज दिसलं. भिंतीतून काढला, कापून टाकला. वायरीची तिन्ही टोकं मोकळी झाली. इलेक्ट्रिशियन जिन्यातच भेटला, वरच्या वहिनींकडे आलेला. "लगे हाथ कर दूँ?" नको म्हटलं. थंडीला वेळ आहे.
ह्यांच्या हत्यारांच्या डब्यातून टेप काढली. एकेका टोकाला गुंडाळली, शेवट अंगठ्याने दाबला. दुमडला नाही. परत परत दाबला, नखालाही सापडू नये इतका.