काकूंना बरं वाटतंय

४ जून
आज रुजू झालो. रुग्णालय लहान, पण आतड्याची दुर्बीण नवीकोरी, हात शिवशिवले. राहायला वरची खोली मिळाली, खाली घरमालक काका-काकू. काका माझी ट्रंक उचलायला धावले, तर काकू म्हणाल्या, उचला खुशाल, कंबर धरली तर डॉक्टर आता घरातच आहेत. पोटभर हसलो. जेवताना त्यांनी स्वतः मात्र ताटात नुसतं चिवडलं.

११ जून
काकूंचं पोट उजवीकडे खाली दुखतं. संध्याकाळी अंग कोमट लागतं, बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. आज दुर्बिणीने पाहिलं. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीलाच व्रण. तुकडे काढून लॅबला दिले. एक तर ही आतड्याची नुसती जुनाट सूज, तिच्यावर स्टेरॉइड चालतं. नाही तर आतड्याचा क्षय. तो आपल्याकडे काही दुर्मीळ नाही, आणि त्यात स्टेरॉइड म्हणजे जंतूंना मोकळं रान. दिसायला दोन्ही सारखेच. बडे डॉक्टर रजेवर जाताना बजावून गेले: जंतू वाढतात का ते कळायला दीड महिना लागेल, तोवर हात आवर.

१६ जून
तुकड्यांत जंतू दिसले नाहीत. वाढीचा निकाल अजून यायचाय. काकू जिन्यात पोट धरून बसल्या होत्या. लेक राहायला येतेय, सातवा महिना आहे, तिच्यापुढे अशी लोळत पडू का, काहीतरी दे रे, म्हणाल्या. मी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या. बड्या डॉक्टरांना फोन करायला हवा होता. केला नाही. ते नको म्हणाले असते.

२४ जून
काकूंना बरं वाटतंय! दोनदा वाढून घेतात. गल्लीभर माझं कौतुक चाललंय. लेक आली, आईचा चेहरा पाहून माझ्या पाया पडायला वाकली. मला आवडलं, हे लिहून ठेवतो.

११ जुलै
ताप. खोकलाही. आजार उसळलाय, असं मी काकांना सांगितलं आणि गोळ्या वाढवल्या. बड्या डॉक्टरांचं ‘हात आवर’ आठवत होतं. तरी वाढवल्या.

२५ जुलै
लॅबच्या बाईंनी बोलावलं. जंतू वाढवायच्या बाटलीत पिवळट, खरबरीत पुंजके. क्षयच. बाटलीत एवढे, तर काकूंच्या पोटात – मी रोज सकाळी गोळ्या आणि पाण्याचा पेला हातात देऊन त्या जंतूंना पोसत होतो.

२६ जुलै
क्षयाची औषधं सुरू केली. दुपारी आतडं फुटलं. छातीच्या फोटोत दोन्ही फुप्फुसांवर बारीक ठिपके, रवा सांडल्यासारखे; क्षय तिथेही पसरलेला. शस्त्रक्रियेला नेताना काकू म्हणाल्या, पोरा, तू जेवलास का –

२८ जुलै
गेल्या.
काका माझा हात धरून म्हणाले, तुम्ही होतात म्हणून तिला महिनाभर तरी सुखाचा मिळाला. मी मान हलवली. मान हलवली मी –

२९ जुलै
आज सांगणार. काकांना, लेकीला, बड्या डॉक्टरांना. सगळं.
खाली कुणीतरी खोकतंय. काका बाहेर गेलेत. म्हणजे –

ती वर आली. धाप लागलीय, पोटावर हात. म्हणते, ताप अंगावर काढत होते, तुम्हाला आणखी त्रास नको म्हणून. आईला इतक्या लागू पडल्या, म्हणून तिच्या उरलेल्या गोळ्या मीच घेतल्या. संपल्यात, आणखी द्या.
हात पुढे करून उभी आहे. मला बोलायला हवं, आत्ता, तिला –