चतुर्थीची गोळी

१८ जानेवारी

काल मोठे दीर गेले. कांदा घेऊन मंचरला निघालेले – छातीत जळजळ सुरू झाली. "पित्त झालंय, दुसरं काय," म्हणून सोडा प्यायले, गाडीतच जरा आडवे झाले. उठलेच नाहीत. त्रेपन्न वय!

दारात येणारा जो तो म्हणतो, "भिमाजी पुण्यवान. चतुर्थीला गेला." सासूबाई तेवढंच धरून बसल्यात. दुसरं धरायला आहे तरी काय त्यांच्याकडे?

२९ जानेवारी

जाऊबाईंनी भाऊजींचे कपडे आवरले. खिशात ब्लडप्रेशरच्या गोळ्या निघाल्या. बऱ्याच उरलेल्या. "सोमवार, गुरुवार, चतुर्थीला नाय घ्यायचे. उपास मोडतो ना!"

आमच्याकडे तरी वेगळं काय? हेही तेच करतात. दोघांना शिकवणारी आई एकच.

१३ फेब्रुवारी

स्नेहा आलेली – आमच्या आरोग्य केंद्राची आशाताई. घरोघरी ब्लडप्रेशर तपासतेय. यांच्या दंडाला पट्टा बांधला. आकडा बघून तिचं हसू गेलं.

"दादाभाऊ, गोळी रोज घेता ना?"

"रोज. उपास सोडून."

"मग ब्लडप्रेशर पण उपास धरतं का त्या दिवशी?"

हे हसले. सासूबाई हसल्या नाहीत. "गोळीत काय काय घालत्यात, कुनाला ठावं? उपासाला कशी चालंल?"

"आजी, खिचडी चालती, तळलेला बटाटा चालतो. गोळीच तेवढी चालत नाय व्हय? एक भाऊ असा गेला की दुसऱ्याला लई जपावं लागतं."

सासूबाई उठून आत गेल्या.

१६ फेब्रुवारी. चतुर्थी

सकाळी गोळी यांच्या हातावर ठेवली. हे आईकडे बघत राहिले. पन्नाशीला आलेला माणूस! "चंद्र निघाल्यावर घेतो." आणि गेले ओझरला दर्शनाला. येईपर्यंत मी फोन हातातून सोडला नाही.

सासूबाईंशी भांडायला हवं. पण एकच वाक्य त्यांना पटेल – तुमचा भिमाजीही अशीच गोळी चुकवायचा. ते कसं बोलू? पुण्यवान म्हणून सोसलंय त्यांनी लेकराचं मरण. तेही काढून घेऊ?

१ मार्च

रात्री यांच्या छातीत दुखलं. "पित्त असंल," म्हणाले. नारायणगावला नेलं. डॉक्टर म्हणाले, "अजून वेळ गेलेली नाही. पण गोळी एक दिवसही चुकवायची नाही." सासूबाई शेजारीच उभ्या होत्या.

१७ मार्च. चतुर्थी

सासूबाईंनीच यांना हाक मारली. देवापुढच्या वाटीत गोळी, वर दूर्वा. "परसाद हाय. घे." यांनी घेतली.

मग मी बाहेरची खोली झाडायला गेले. भाऊजींच्या फोटोपुढंही एक गोळी ठेवलेली होती.