कुशीवर वळवणारा हात

१० जानेवारी
खोली मिळाली! महाडच्या एमआयडीसीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, वरचा मजला, एक लोखंडी खाट, एक पंखा आणि खिडकीतून कापणी झालेली भातशेतं. औषधांच्या कंपनीत मला कायमची रात्रपाळी आहे, म्हणजे जग कामाला लागलं की मी पांघरूण ओढणार. घरमालकीण बयाबाई खाली राहतात. त्यांनी आल्या आल्या तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी हातावर ठेवली. मीही बजावून ठेवलंय, माझ्या घोरण्याने पत्रे हलले तर घाबरू नका.

१९ जानेवारी
मशीनसमोर उभ्या उभ्या डुलकी लागली, तेव्हा सुपरवायझरने महाडला डॉक्टरांकडे पिटाळलं. तपासणी झाली. झोपेत माझा घसा मिटतो, श्वास अडतो, रक्तातला प्राणवायू उतरतो आणि मग मेंदू दचकून मला जागं करतो. तो उशिरा दचकला तर, असं मी विचारलं. डॉक्टर चिठ्ठी लिहीत राहिले. मास्कचं यंत्र पुण्याहून यायला वेळ आहे. तोवर उताणं झोपायचं नाही, आणि कुशीवर वळवायला जवळ कुणीतरी असू द्या म्हणाले.

मला हसूच आलं. जवळ कुणीतरी! आई वळवायची. गेल्या दिवाळीआधी ती गेली. तेव्हापासून मला झोपलेलं कुणी पाहिलेलंच नाही.

२३ जानेवारी
उताणाच झोपलो होतो. झोपेत कुणीतरी खांदा धरून मला हळूच कुशीवर वळवलं. उठलो तेव्हा तोंड भिंतीकडे होतं आणि डोकं कितीतरी दिवसांनी हलकं. बयाबाईच असणार. डोळे भरून आले, खोटं कशाला लिहू.

२४ जानेवारी
आभार मानायला गेलो, तर त्या बघतच राहिल्या. "मी कशाला येऊ रे वर? माझं गुडघं जिना चढत नाय. आन तू आतून कडी लावतोस ना?" मग त्यांनी आजवर दडवलेलं सांगितलं. माझ्याआधी इथे रितेश राहायचा. रात्रपाळीचाच. त्याच खाटेवर, भरदुपारी, झोपेत श्वास अडून गेला. जवळ कुणी नव्हतं.

मी पळून जायला हवं होतं. वर आलो आणि भिंतीकडे सरकून त्याला जागा करून दिली.

२ फेब्रुवारी
रोज वळवतो. हात गार असतो, पण आपल्या माणसाचा वाटतो. झोपण्याआधी मी त्याला कंपनीतल्या गमती सांगतो. दुसरं कोण आहे ऐकायला?

७ फेब्रुवारी
यंत्र आलं! मास्क लावून सलग झोपलो. श्वास एकदाही अडला नाही, हातही एकदाही आला नाही. उठल्यावर रिकाम्या खोलीला म्हटलं, रितेश, सुटलास बाबा. आता तूही झोप.

८ फेब्रुवारी
धापा टाकत जागा झालो. मास्क भिंतीवरच्या खिळ्याला. पट्टा नीट गुंडाळलेला. मी टांगला नव्हता.

९ फेब्रुवारी
आज पट्ट्याला गाठ मारली होती. सुटलेली. छाती दुखतेय. कडी आतून लावलेली—
ओरडलो त्याच्यावर. मला तुझी गरज नाही म्हणालो. म्हणायला नको होतं.

१० फेब्रुवारी
माझ्या खात्यातला प्रवीण म्हणाला, संध्याकाळी सामान घेऊन ये माझ्याकडे. फक्त ही दुपार काढायची. मास्कची नळी सापडत नाही. भिंतीला टेकून बसलोय. झोपायचं नाही. लिहीत राहायचं.

डोळे मिटतायत. ऊन पायांवर आलंय. खाली बयाबाई कोंबड्या हाकतायत. हाक मारली तरी त्यांचे गुडघे— निदान कडी काढून ठेवावी—

खाट दबली. शेजारी.

खांद्यावर हात. तोच. सावकाश, आई वळवायची तसा— पण कुशीवर नाही, हा मला उताणा