बाबांच्या डबीतले शेण

कोरगाव, शनिवार

तीर्थस्वरूप गोकुळदासमामांस सुविधाचा नमस्कार. वाळपईत सर्व कुशल असेल असे धरून चालते. आमचे कुशल सध्या तपासणीवर आहे.

धाकट्या भावाला, रुद्रेशला, बारावीच्या वर्गात आकडी आली, हे आपल्याला कळलेच आहे. मेंदूत फीतकृमीच्या अळ्यांच्या तीन गाठी निघाल्या. डुकराचे अर्धकच्चे मांस किंवा चोरीस (सॉसेज) खाणाऱ्याच्या आतड्यात हा कृमी वाढतो, त्याची अंडी नीट न धुतलेल्या हातांवरून दुसऱ्याच्या ताटात जातात आणि अळ्या त्या दुसऱ्याच्या डोक्यात घर करतात (न खाणाऱ्यालाही सूट नाही). बाबांना हे दोनदा समजावले. ते म्हणाले, "ह्यां त्या गोकुळदासाचांच काम. डुकराचे चोरीस खावन हंय येता, आणि भोग आमच्या पोराक!" मग त्यांनी देवळात कौल लावला. देवाला लावलेली पाकळी उजवी पडली, म्हणजे घर निर्दोष, आणि आपल्याला गणपतीच्या चवथीला न येण्याचा निरोप गेला. (तेव्हा मी तिथेच होते. काही बोलले नाही.)

डॉक्टरांना पाकळी पुरेना. कृमी बाळगणारा सापडेपर्यंत रुद्रेशच्या ताटात अंडी पडतच राहणार, म्हणून त्यांनी घरातल्या आणि घरी येऊन-जाऊन असणाऱ्या प्रत्येकाच्या शौचाचा नमुना मागितला. डब्या मी वाटल्या आणि डिचोलीच्या आमच्या (जनावरांच्या) प्रयोगशाळेत मीच तपासल्या. आईने आपली डबी तीन वर्तमानपत्रांत गुंडाळून दिली. बाबांच्या डबीत गाईचे शेण निघाले. मी दिवसभर तेच पाहते. ओळखायला भिंग लागले नाही. विचारले तर म्हणाले, "चेडवान बापायचां असलां बघूचां न्हय. शेण पवित्र!" पावित्र्य मान्य करून, मुलगी असूनही, मी दुसरी डबी दिली. त्यात दोन दिवस गेले. त्याच दोन दिवसांत रुद्रेशला पुन्हा आकडी आली. या दोन गोष्टी मी बाबांसमोर एकत्र मांडलेल्या नाहीत.

बाबा, आई, आजी, रुद्रेश यांचे नमुने स्वच्छ आहेत. आपण न रागावता पाठवलेलाही.

आपली,
सुविधा

ता. क. चवथीला आपण यावेच.

आणखी ता. क. उरलेली डबी माझी. तिच्यात अंडी आहेत. हॉस्टेलवर असताना दर शनिवारी चोरीस-पाव खात असे; गेल्या वर्षी आईचा हात मोडला तेव्हा चार महिने घरचे जेवण मीच रांधले. डॉक्टरांना सांगितले, काल औषध घेतले. बाबांना मात्र सांगता येत नाही. ते आपण सांगावे. सांगताना दोष स्वतःवर घेऊ नये. आपला स्वभाव मला माहीत आहे. (घेतलात तर मी मध्ये बोलेन, अशी खात्री देता येत नाही.)