बसलेले मढे

उदगीर, २ जून १९८३

तीर्थरूप शंकरप्पा मामांस,

मलप्पाचे शरणार्थ. दुःखाचे पत्र म्हणून वर 'श्री' लिहिले नाही. तुमचे गुडघे कसे आहेत? बाबांच्या मातीला तुम्ही नांदेडहून आला नाहीत ते गुडघ्यांमुळेच, असे मी सगळ्यांना सांगितले. (दोघांनी विश्वास ठेवला.) तुम्हाला आंघोळीपुरते तरी पाणी मिळत असेल. इथे टँकर एक दिवसाआड येतो आणि बाबा नेमके मधल्या दिवशी गेले. शेवटची आंघोळ दोन घागरींत उरकली.

माती नीट झाली नाही, मामा. लोक हसले. त्याला थोडे तुम्हीही कारण आहात. बाबा अठरा वर्षांचे असताना किल्ल्यात मूकपट काढायला पुण्याची कंपनी आली होती. मुक्कामाला येणाऱ्या जावयाला चुकवायला सासरा मेल्याचे सोंग घेतो, अशी गोष्ट. कंपनीच्या नटाला मढे होणे अशुभ वाटले, म्हणून बघ्यांतून बाबांना उचलले. 'मर' म्हटल्यावर बाबा मांडी घालून ताठ बसले. मॅनेजर ओरडला, "अरे, मेलेला माणूस आडवा होतो." बाबा म्हणाले, "आमच्यात न्हाई सायब. आमच्यात बसवून पुरतेत." कंपनीवाले इतके हसले की तिरडी मोडून खुर्ची बांधली आणि सासऱ्याची बसूनच मिरवणूक काढली. शेवटी मढे प्रेक्षकांकडे बघून डावा डोळा मारते. हे सगळे मी पाहिलेले नाही. तुम्ही प्रत्येक लग्नात सांगत आलात (माझ्याही, अक्षता पडायच्या आधी), त्यावरून मला पाठ आहे. सगळ्या उदगीरला पाठ आहे.

तर गेल्या आठवड्यात बाबांना भस्म लावून, हार घालून बसवले. उन्हाने जमीन दगड झालेली, खड्डा होईना, म्हणून बाबा दोन तास तसेच बसून. शेजारचे संगप्पा (वय ऐंशी, दात तीन) अगदी समोर जाऊन म्हणाले, "जरा थांबा रे, डोळा मारल त्यो." झाले. बाया पदर तोंडात कोंबून हसल्या. खड्डा खणणाऱ्या व्यंकटीने कुदळ टाकली. मंत्र म्हणणारे स्वामीसुद्धा मध्येच अडखळले. मी एकटा हसलो नाही. मुलगा दगडाचा आहे, असेही कोणीतरी म्हणाले.

पाचव्या दिवशी बाबांच्या नावे लातूरहून पत्र आले. नवा जिल्हा होऊन वर्ष होते आहे, त्यानिमित्त जिल्ह्यातल्या जुन्या कलावंतांचा सत्कार आहे. समक्ष हजर राहावे व पाच मिनिटे बोलावे. मूकपटात मढे झालेल्या माणसाने! मी उलटटपाली कळवले की ते बसले आहेत, उठणार नाहीत.

मामींना शरणार्थ.

आपला,
मलप्पा

ता. क. : तंबूतला सिनेमा चालवायचे सोडताना त्या मूकपटाचे शेवटचे रीळ तुम्ही डब्यात घालून घरी नेले, हे आई सांगायची. मी तीनदा मागितले, तुम्ही तीनदा विषय बदललात. आता पाठवा. चालत नसेल तरी चालेल. उजेडासमोर धरून बघेन.

दुसरा ता. क. : बाबांना खड्ड्यात बसवून स्वामी वरून मीठ टाकायला लागले तेव्हा मीच त्यांचा हात धरला. काही राहिले का, असे त्यांनी विचारले. मी नाही म्हणालो, पण हात सोडला नाही. मी डावा डोळा बघत होतो.